गोदामातलं ओझं आणि पदवी

प्रश्न : बी.ए. झालो. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या गोदामात गोण्या उचलतो. संध्याकाळी कंबर धरते. शिक्षण वाया गेलं असं वाटतं. काय करू?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आधी कंबर सांभाळा. ५० किलोची गोणी कमरेतून वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, ओझं अंगालगत धरा, वळताना पावलं फिरवा. पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवाच. टोळीतल्या जुन्या हमालांकडे नीट बघा. ते घाई करत नाहीत, गोणी एकमेकांच्या पाठीवर देतात, दमले की सांगतात. मदत मागायला न लाजणं कॉलेजात क्वचितच शिकायला मिळतं. तुम्हाला ते रोज मिळतंय.

शिक्षणाचा उपयोगही इथेच आहे, आपले हक्क वाचून समजून घ्यायला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. माथाडी मंडळात नोंद असेल तर मजुरीवरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मालकाने भरायची असते. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. तुमची नोंद आहे का, मुकादमाला याच आठवड्यात विचारा. टोळीत ज्यांना वाचता येत नाही, त्यांचेही नोंदीचे कागद तपासून द्या.