एक इंजिन की दोन? गाडी बांधण्याआधी पूर्ण हिशोब मांडा

जुनी दोन इंजिने स्वस्तात मिळतात. एक पुढे, एक मागे बसवून चारही चाकांना जोर देऊ, असा बेत सोलापुरात कुणी आखत असेल, तर नुसत्या इंजिनाच्या भावावर जाऊ नये. खरा पैसा त्याच्याभोवतीच्या कामात जातो.

आधी कायदा
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेला, आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. नियम मोडला तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे एमएच-१३ पासिंगच्या गाडीला दुसरे इंजिन जोडून ती रस्त्यावर आणण्याचा विचार सोडा. खराब इंजिन बदलायचे असले, तरी आधी आरटीओची मंजुरी घ्या आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या.

खासगी जागेत किंवा स्पर्धेसाठी बांधत असाल तर
दुसऱ्या इंजिनासोबत हे खर्चही येतात:
- दुसरा गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर आणि वायरिंग
- दोन्ही गिअर, क्लच आणि अॅक्सिलरेटर एकत्र चालवणारी जोडणी. सर्वात किचकट आणि मजुरी खाणारे काम
- वाढलेल्या वजनासाठी चेसिस, सस्पेन्शन आणि ब्रेकची मजबुती
- प्रत्येक सर्व्हिसला दुप्पट ऑइल आणि फिल्टर

सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात मागच्या इंजिनाला पुरेशी हवा पोहोचवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

जोर हवा की पकड?
जोर हवा असेल, तर एकच मोठे इंजिन स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. पकड हवी असेल, तर कंपनीची फोर-बाय-फोर पाहा. सित्रोएनने वाळवंटासाठी ४२५ सीसीच्या दोन इंजिनांची 'टूसीव्ही सहारा' काढली होती; अशा जेमतेम ६९४ गाड्या बनल्या. आज तेच काम विजेच्या दोन मोटारी सहज करतात. टाटा हॅरियर ईव्हीच्या २०२५ मधील सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमतींत एक मोटार असलेले वरचे मॉडेल २७.४९ लाखांचे, तर दोन मोटारींचे २८.९९ लाखांचे होते. दुसऱ्या मोटारीचे दीड लाख, तेही वॉरंटी आणि पासिंगसह.

पैसे देण्याआधी
- वेल्डिंग, लेथकाम, वायरिंग आणि सुटे भाग यांचे वेगवेगळे लेखी कोटेशन घ्या.
- जुन्या इंजिनाचे बिल आणि इंजिन नंबर पडताळा. चोरीचा माल गळ्यात पडू नये.
- अंदाजापेक्षा किमान पाव हिस्सा जास्त रक्कम हाताशी ठेवा.
- पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या, सगळे आगाऊ नकोत.

पहिलीच गाडी बांधत असाल, तर एकच इंजिन घ्या आणि वाचलेले पैसे ब्रेक, टायर आणि रोल केजवर घाला. चालवणाऱ्याचा जीव त्यांच्याच भरवशावर असतो.