बचत खात्याची निवड : इयत्ता सहावी व सातवीसाठी एक पाठ

सहावीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा घटक येतो. मुद्दल, दर आणि मुदत हे तीन आकडे मांडले म्हणजे व्याज काढता येते, हे मुले चार-दोन उदाहरणांत शिकतात आणि परीक्षेपुरते ते पुरेसेही होते. तथापि त्याच वर्गातील मुलीची आई शिष्यवृत्तीसाठी खाते कोठे काढावे असे विचारण्यास शाळेत येते, तेव्हा या ज्ञानाचा फारसा उपयोग होत नाही. गावात डाकघर असते, तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन बँका असतात आणि बाजारपेठेत एखाद्या पतसंस्थेची ठळक पाटी असते. प्रत्येकाचा दर निराळा, नियमही निराळे. अशा वेळी पुष्कळ पालक शिक्षकाच्या शब्दावर विसंबून निर्णय घेतात. काही शे रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी हजार-दोन हजारांची किमान शिल्लक मागणारे खाते उघडले गेले, तर मुलीच्या हाती पडावयाची रक्कम निरनिराळ्या आकारांतच जिरून जाण्याचा संभव असतो. यास्तव हा विषय दोन तास देऊन वर्गात नीट शिकविणे अगत्याचे आहे.

पाठाचा हेतू थोडक्यात असा : पैसा कोणाच्या हमीवर राहतो, हे मुलांनी प्रथम विचारावे, तो ठेवण्यास खर्च किती येतो, हे त्यानंतर पाहावे, आणि व्याजाचा दर शेवटी तपासावा. मुलांचीच नव्हे, तर मोठ्यांचीही वृत्ती याच्या नेमकी उलट असते. दर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि बाकीच्या गोष्टी विचारल्याखेरीज कळत नाहीत.

पूर्वतयारी

शिक्षकाने पाठापूर्वी जवळचे डाकघर व एक-दोन बँका यांना भेट देऊन तेथील दर, किमान शिल्लक, कार्डाचा वार्षिक आकार व संदेशाचा आकार यांची नोंद तारखेसह करून आणावी. हे आकडे बदलतात; गतवर्षीच्या टिपणावर पाठ घेऊ नये. मुलांना मात्र घरची पासबुके आणावयास सांगू नये. कोणाच्या घरी किती शिल्लक आहे, कोणावर किती कर्ज आहे, हे वर्गात उघडे करण्याचा अधिकार शाळेस नाही; ज्याच्या पासबुकात काहीच नाही त्या मुलाच्या मनाचाही विचार केला पाहिजे. फलकावर एक काल्पनिक कुटुंब घ्यावे. दूध घालणारे, थोडी कोरडवाहू शेती असलेले कुटुंब घेतल्यास बहुतेक गावांतील मुलांस ते आपलेसे वाटेल.

हमी कोणाची?

डाकघर बचत बँक १८८२ सालापासून चालू आहे आणि तीतील पैशास केंद्र सरकारची हमी आहे. बँकांची गोष्ट वेगळी. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व महाराष्ट्रातील लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर ठेवींना विम्याचे संरक्षण देण्यासाठी १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ स्थापन झाले. आरंभी ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे अवघी १,५०० रुपये होती. १९९३ साली ती १ लाख झाली व ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये करण्यात आली. मुद्दल व व्याज मिळून ही मर्यादा असते, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. राष्ट्रीयीकृत, खाजगी, ग्रामीण तसेच सहकारी बँका यांच्या ठेवींना हा विमा लागू आहे.

विमा असला तरी पैसा तत्काळ मिळतोच असे नाही. पुण्यातील रुपी सहकारी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि तिचा परवाना २०२२ साली रद्द झाला. मधली वर्षे ठेवीदारांनी वाट पाहण्यात घालविली. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर, बँकेवर असे निर्बंध आल्यास ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे.

पतसंस्थेविषयी बोलताना शिक्षकाने शब्द जपून वापरावेत. नेकीने चालणाऱ्या पतसंस्था पुष्कळ आहेत व अडीअडचणीच्या वेळी गावाला त्यांचाच आधार वाटतो. परंतु पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, आणि तीतील ठेवींना वरील विम्याचे संरक्षण नाही, ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे. दर जास्त का देता येतो, असा प्रश्न मुलांनी आपण होऊन विचारला, तर पाठ निम्मा साधला असे समजावे.

खाते ठेवण्याचा खर्च

येथे मुलांकडून साधे गणित करून घ्यावे. फलकावरील कुटुंबाची वर्षभराची सरासरी शिल्लक १,२०० रुपये धरावी. दसादशे ४ दराने वर्षाचे व्याज ४८ रुपये, अडीच दराने ३० रुपये. फरक १८ रुपयांचा. आता तालुक्याच्या गावी एकदा जाऊन येण्याचे एस. टी. भाडे मुलांना विचारावे. ते त्यांना तोंडपाठ असते. एका फेरीत हा फरक कसा नाहीसा होतो, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. त्यात कार्डाचा वार्षिक आकार किंवा किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड मिळविला, म्हणजे काही खात्यांत व्याजापेक्षा खर्चच अधिक होतो.

थोड्या शिल्लकेच्या कुटुंबासाठी ‘मूलभूत बचत ठेव खाते’ हा मार्ग रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना २०१२ साली घालून दिला आहे. बोलीत त्यास झिरो बॅलन्सचे खाते म्हणतात; २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील खातीही याच जातीची. यात किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड विनामूल्य मिळते आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. असे खाते मागणाऱ्यास ते मिळाले पाहिजे. मागितल्याखेरीज मात्र कोणी ते देऊ करील अशी आशा धरू नये.

किमान शिल्लकेच्या दंडाविषयी आणखी एक नियम पालकांच्या कानावर घालावा. १ एप्रिल २०१५ पासून बँकेने दंडापूर्वी ग्राहकास कळविणे आवश्यक आहे, दंड तुटीच्या प्रमाणात असावा लागतो, आणि केवळ दंडामुळे शिल्लक शून्याखाली जाता कामा नये.

दर, आणि दराहून महत्त्वाचा दिवस

डाकघर बचत खात्याचा दर डिसेंबर २०११ पासून दसादशे ४ आहे. मोठ्या बँकांपैकी अनेकांनी २०२५ च्या जूनमध्ये आपला दर अडीचवर आणला. एवढे ऐकताच वर्गातील बहुतेक हात डाकघराच्या बाजूने वर होतील. शिक्षकाने तो कौल फलकाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि पुढील उदाहरण द्यावे.

तीस दिवसांचा महिना. १ तारखेस खात्यात २,००० रुपये आहेत. १२ तारखेस दुधाचे व सोयाबीनचे मिळून ५,००० जमा झाले. २८ तारखेस ४,००० काढले.

बँकेत १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजले जाते. म्हणून पहिले ११ दिवस २,००० प्रमाणे २२,०००. पुढील १६ दिवस ७,००० प्रमाणे १,१२,०००. शेवटचे तीन दिवस ३,००० प्रमाणे ९,०००. एकूण १,४३,०००. यास अडीचने गुणून ३६,५०० ने भागले असता व्याज सुमारे ९ रुपये ७९ पैसे येते.

डाकघरात रीत निराळी आहे. तेथे १० तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तीवरच त्या महिन्याचे व्याज मिळते. या उदाहरणात १० तारखेस शिल्लक २,००० होती. म्हणून व्याज २,००० वरच, म्हणजे ६ रुपये ६७ पैसे. दर चाराचा असूनही अडीचाच्या खात्यापेक्षा कमी मिळाले! यानंतर कोपऱ्यातील कौलाकडे बोट दाखविण्याची गरज राहात नाही.

पाठ येथे संपवू नये, नाहीतर डाकघरावर अन्याय होईल. तेच ५,००० रुपये ९ तारखेस जमा झाले असते, तर सर्वांत कमी शिल्लक ३,००० धरली जाऊन व्याज १० रुपये आले असते. ४,००० काढण्याचे काम पुढील महिन्याच्या १ तारखेवर टाकता आले असते, तर ७,००० वर २३ रुपये ३३ पैसे. म्हणजे ज्याचा पैसा स्थिर राहतो किंवा जो १० तारखेपूर्वी भरून महिना उलटल्यावर काढू शकतो, त्यास डाकघर लाभाचे. ज्याच्या खात्यात सतत ये-जा आहे, त्याने बँकेचा हिशेब करून पाहावा. दुधाचा हप्ता दर दहा दिवसांनी येणाऱ्या घरी आणि वर्षातून एकदाच कापूस विकणाऱ्या घरी उत्तर निराळे येणार. मुलांनी दोन्ही उदाहरणे आकडे बदलून सोडवावीत. दशांश अपूर्णांकांचा सरावही आपोआप होतो.

डाकघराच्या खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात, हेही सांगावे. डाकघर बचत बँक व २०१८ साली सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही एकाच खिडकीवर दिसली, तरी दोन निराळी खाती आहेत. एकीचे नियम दुसरीच्या रकान्यात लिहिले जातात, ही चूक नेहमी आढळते.

शिष्यवृत्तीच्या खात्याविषयी

दहा वर्षांवरील मुलास स्वतःच्या सहीने बचत खाते उघडून चालविता येते; रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये याविषयीचे आदेश नव्याने दिले, रकमेची मर्यादा मात्र प्रत्येक बँक ठरविते. अर्थात सहावीतील मुले हा पाठ केवळ ऐकत नसून, ज्या व्यवहारास ती पात्र झाली आहेत तो शिकत आहेत, याची जाणीव त्यांस द्यावी. खाते उघडण्यापूर्वी शासनाची रक्कम त्यात थेट जमा होईल काय व आधार-जोडणी तेथेच होते काय, हे पालकांनी विचारून घ्यावे.

दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्यास शुल्कही घेता येत नाही. शिष्यवृत्तीसाठी उघडलेली शून्य शिल्लकेची खाती तर निष्क्रिय ठरवावयाचीच नाहीत. बंद पडले म्हणून खाते सोडून देणाऱ्या पालकास हे अवश्य सांगावे. वारसाचे नामनिर्देशनही पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. हा रकाना कोरा राहिल्याने घरातील कर्त्याच्या पश्चात बायकामुलांची जी धावपळ होते, ती गावोगाव पाहावयास मिळते.

शिक्षकाने अमुक बँकेतच जा असे सांगू नये, पासबुके व कार्डे शाळेत सांभाळण्यास घेऊ नयेत, आणि कार्डाचे गुप्त अंक तर कोणी आपण होऊन सांगू लागला तरी ऐकू नयेत.

उपयोजनासाठी दुसऱ्या तासानंतर मुलांना एक काम द्यावे. फलकावरील कुटुंबाच्या वतीने बँकेत विचारावयाचे प्रश्न त्यांनी स्वतः लिहावेत. पाच-सहाच्या गटातील दोन मुलांनी, पालक किंवा शिक्षक सोबत घेऊन, ते प्रश्न खरोखर बँकेच्या वा डाकघराच्या खिडकीवर विचारून यावेत आणि मिळालेली उत्तरे तारीख घालून वर्गातील तक्त्यावर लावावीत. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाने तेच प्रश्न पुन्हा विचारून तक्ता दुरुस्त करावा.