हर्नियाचं ऑपरेशन, मग सोनोग्राफी छातीची कशाला?

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि रिकव्हरीत भूलतज्ज्ञ बाळाच्या छातीवर जेल लावून प्रोब फिरवू लागले, की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं.

तान्ह्या बाळाच्या फासळ्या मऊ, फुप्फुसातला हवेचा साठा तोकडा, आणि वजनाच्या मानाने ऑक्सिजन मात्र मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतो. भुलीत स्नायू सैलावतात आणि फुप्फुसाचा काही भाग, विशेषतः पाठीकडचा, मिटतो. बहुधा तो आपोआप उघडतो. नाहीच उघडला तर ऑक्सिजन घसरतो, आणि कारण लगेच शोधावं लागतं.

ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी निरुपयोगी मानली जाई. फ्रान्सच्या डॉ. दानिएल लिख्तेनस्टाईन यांनी अतिदक्षता विभागात तो समज खोडून काढला. निरोगी फुप्फुसाचं चित्र दिसतच नाही. दिसतात आडव्या रेषा आणि श्वासागणिक सरकणारं आवरण. फुप्फुसात पाणी साठलं की उभे उजळ पट्टे उमटतात. मिटलेला भाग यकृतासारखा भरीव दिसतो. आवरण सरकेनासं झालं तर बाहेर हवा साठल्याची शंका येते. हृदयाच्या ऑपरेशननंतर श्वासपटल हलतंय का, हेही कळतं. मिटलेला भाग दाब देऊन फुलवताना तो उघडतोय का, हे पडद्यावर पाहता येतं, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. किरणोत्सर्ग नाही, बाळाला हलवावं लागत नाही. मात्र फुप्फुसाच्या आत खोलवरचं काही असेल तर ते दिसत नाही आणि हात सरावलेला लागतो. एक्स-रे अजून लागतोच.

  

तुम्ही काय करायचं? गेल्या दोनेक आठवड्यांत सर्दी-खोकला झाला असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. तारीख पुढे जाईल म्हणून लपवू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेही सांगा. अशा बाळांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतात.

घरी आल्यावर बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, पोट उडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.