पिलू कवच फोडते तेव्हा : मदत केव्हा आणि किती?

आमच्या रहिमतपुरात आजही पुष्कळ घरांच्या परसात चार-दोन गावरान कोंबड्या असतात. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि २१ दिवस मोजायचे, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु एखादे पिलू कवचाला भोक पाडून तिथेच अडकते. आत चिवचिवत राहते, बाहेर मात्र येत नाही. अशा वेळी काय करावे, याविषयी आम्हाला अनुभवाने व वाचनाने जे कळले ते येथे मांडत आहोत.

प्रथम आमची चूक सांगतो. आमची मुलगी चौथीत असताना घरी १२ अंडी बसविली होती. दहा पिले निघाली. अकराव्या अंड्याला दुपारी भोक पडले, पण रात्र झाली तरी पिलू तसेच. शेजारच्या आजी म्हणाल्या, "त्याचं त्याला कळतंय. तू हात लावू नगंस." आम्ही पडलो पदवीधर! मुलीच्या डोळ्यांतील काळजी आम्हाला पाहवेना. टाचणी घेऊन आम्ही कवच सोलले. पापुद्र्यातून रक्त आले. पिलू बाहेर आले, पण पोटाखाली पिवळा बलक लोंबत होता. पहाटे ते मेले. मुलीने विचारले, "पप्पा, आपण तर मदत केली होती ना?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही कोंबडीपालनाची पुस्तके वाचू लागलो.

अंड्याच्या आत काय घडते?

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक पोकळी असते. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी उडून जाते, तशी ही पोकळी मोठी होत जाते. पिलाची वाढ होत असताना कवचाच्या आतील पापुद्र्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. पिलाचा श्वास या जाळ्यातूनच चालतो. १९व्या-२०व्या दिवशी पिलू चोचीने आतला पापुद्रा फाडून चोच पोकळीत घालते आणि फुप्फुसाने पहिला श्वास घेते. ती हवा अपुरी पडू लागली की मानेचे स्नायू झटके देतात आणि चोचीच्या टोकावरील टणक दाण्याने कवचाला भोक पडते.

यानंतर पिलू कित्येक तास स्वस्थ पडून राहते. आपल्याला वाटते, ते थकले, अडकले. प्रत्यक्षात याच वेळात दोन मोठी कामे चाललेली असतात. पापुद्र्यातील रक्त पिलाच्या शरीरात परत जाते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. हा बलक म्हणजे पिलाची पहिल्या दोन दिवसांची शिदोरी. तिच्याच जोरावर एक दिवसाची पिले खोक्यांतून दूरदूरच्या गावी पाठविता येतात. ही कामे उरकली की पिलू गोल फिरत रुंद टोकाभोवती कवच कापते आणि पायाने रेटा देऊन बाहेर येते. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास सहज लागतात. आम्ही घाई केली, ती नेमकी या विश्रांतीच्या वेळात.

मदत कधी लागते?

मग हात लावूच नये का? भाषणांतून हे उदाहरण देताना पुष्कळ वक्ते असाच निष्कर्ष काढतात. तोही पुरा खरा नाही. काही अडचणी पिलाच्या दुबळेपणाच्या नसतात, परिस्थितीच्या असतात. चैत्र-वैशाखातील कोरड्या हवेत भोकाजवळचा पापुद्रा वाळून कागदासारखा पिलाला चिकटतो. कधी आधी निघालेल्या पिलांना घेऊन कोंबडी उठून जाते आणि मागे राहिलेले अंडे गार पडते. कधी पिलाचे डोके निमुळत्या टोकाकडे असते, तिथे हवेची पोकळीच नसते.

भोक पडून २४ तास उलटले, काहीच प्रगती नाही, पण आवाज येतो आहे, तरच पुढीलप्रमाणे करावे :

१. आधी ऊब द्यावी. कोंबडी उठली असेल तर खोक्यात बल्ब लावून अंडे सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसला (९९.५ फॅरनहाइट) ठेवावे. जवळ पाण्याची वाटी ठेवावी.

२. हात स्वच्छ धुवावेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून, पिळून, वाळलेला पापुद्रा ओलसर करावा. नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नये.

३. कवचाचे बारीक तुकडे फक्त हवेच्या पोकळीच्या बाजूने काढावेत. पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला तर तत्काळ थांबून अंडे उबेत परत ठेवावे व काही तास वाट पाहावी.

४. पिलाचे डोके मोकळे झाले की आपले काम संपले. पिलाला ओढून काढू नये. शेवटचा रेटा त्यालाच देऊ द्यावा.

मूळ अडचणच येऊ नये हे अधिक बरे. त्यासाठी सर्व अंडी एकाच दिवशी बसवावीत, ती आठवड्याहून जुनी नसावीत आणि उन्हाळ्यात शेवटचे तीन दिवस अंड्यांवर कोमट पाणी शिंपडावे. मोठ्या उबवणी केंद्रांत १८व्या दिवशी अंडी सेटरमधून हॅचरमध्ये हलवतात व तेथील दमटपणा वाढवतात, तोही याच कारणाने. शासनाचे असे मध्यवर्ती केंद्र पुण्यास खडकी येथे आहे. हजारो अंड्यांच्या त्या कारभारात एकेक पिलू सोडवत बसणे शक्य नसते. परसातल्या माणसाला ते शक्य असते.

सुत्तातील कोंबडी

आपल्या वाचकांना हे उदाहरण नवे नाही. मज्झिम निकायातील चेतोखिल सुत्तात भगवान बुद्धांनी आठ, दहा किंवा बारा अंडी असलेल्या कोंबडीचा दृष्टांत दिला आहे. कोंबडीने अंडी नीट झाकली, नीट उबवली, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने मनात धरली नाही तरी ती नखाने व चोचीने कवच फोडून बाहेर येण्यास समर्थ असतात, असा त्याचा आशय आहे. तिथे तो साधकाच्या प्रयत्नांना उद्देशून आहे. आम्हाला मात्र त्यात परसातली कोंबडीही दिसते. तिचे काम कवच फोडण्याचे नाही, २१ दिवस ऊब देण्याचे आहे. आम्ही उलट केले होते. शेवटच्या रात्री आम्ही कळवळून धावलो, पण आधीच्या तीन आठवड्यांत टोपली उन्हात आहे की सावलीत, हेही पाहिले नव्हते.

दुसऱ्या वर्षी कोंबडी पिले घेऊन उठली आणि एक भोक पडलेले अंडे मागे राहिले. या वेळी मुलीने वहीत वेळ लिहून ठेवली. आम्ही ४० वॅटचा बल्ब लावला आणि पुरे २४ तास थांबलो. मग पापुद्रा ओला करून चार तुकडे काढले आणि थांबलो. दोन तासांनी पिलू आपल्या पायाने बाहेर आले. सुकल्यावर रात्री ते कोंबडीच्या पंखाखाली सोडले, तिने ते घेतले. त्याचे एक बोट जरासे वाकडे राहिले, एवढेच.

मुलीच्या त्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हाला देता येते : बाळ, आपण मदत केली होती, पण ती पिलाच्या गरजेची वेळ नव्हती. आपल्याला राहवत नव्हते, ती वेळ होती.