बालकाची सर्दी आणि शुश्रूषेचा धम्म

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः स्वच्छ केले आणि संघाला परस्परांच्या शुश्रूषेचा दंडक घालून दिला. औषध तयार करण्याचे कौशल्य, हितकर-अहितकराची पारख, लोभाऐवजी मैत्रीभाव, किळस न बाळगणे आणि रुग्णाला धीर देणे हे शुश्रूषकाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत.

हिवाळ्यात नारायणगाव परिसरातील घराघरांत मूल खोकू लागते, तेव्हा यांतील दुसऱ्या गुणाची कसोटी लागते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविकांचा तिच्यावर उपयोग होत नाही. ती बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. मात्र दोन आठवड्यांवर गेला, तर तपासणी करून घ्यावी.

हितकर काय? तान्ह्याला अंगावरचे दूध थोडे थोडे, वारंवार पाजावे. सहा महिन्यांपुढील बालकाला कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी द्यावे. नाक चोंदले असल्यास दूध पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब घालावेत. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्यास खोकल्याची ढास कमी होते. तूप, लोणी, तेल आणि काकवी यांच्याबरोबर मधालाही विनयात औषध म्हणून मान्यता आहे. तथापि एक वर्षाखालील बालकाला मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, ही कालामांना दिलेली शिकवण येथेही लागू पडते.

अहितकर काय? धुरी, बिब्ब्याचे डाग, नाकात तेल सोडणे, तान्ह्याला कापूर लावणे आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देणे. अंगारा-दोऱ्यात तर मोलाचा वेळ जातो.

अंगारा सोडून औषधाची बाटली हाती घेतली, तरी पारख सुटता कामा नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात तेच विष खोकल्याच्या औषधात निघाले. मूत्रपिंडे निकामी झालेली अनेक बालके दगावली. त्यांतील काहींवर नागपुरात उपचार झाले होते. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यानंतर बजावले. म्हणून दुकानातून परस्पर बाटली आणू नये. मोठ्या मुलाचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नये.

काही लक्षणे दिसताच मात्र घरी थांबू नये. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरल्यास. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्यास. ओठ निळसर पडल्यास. मूल पीत नसल्यास वा गुंगीत असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तरी हेच करावे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी स्वतःचा देह ठेवला. आपल्याला वाहन आहे, रस्ता आहे. विलंबाला सबब नाही.

ही शुश्रूषा एकट्या आईची नव्हे. रात्री जागणे, श्वास मोजणे, नाक पुसणे ही वडिलांचीही कर्तव्ये आहेत. या विद्यालयातून शिकून गेलेले अनेक जण आज स्वतः आईवडील आहेत. येथे मिळालेली प्रज्ञा आणि करुणा त्यांच्या घरातील आजारी लेकराच्या उशाशी उपयोगी पडो.

नमो बुद्धाय! जय भीम!