स्नायूंचा आजार वेळीच ओळखा

तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठडा धरतो, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात. अशा वेळी त्याला आळशी म्हणू नये. जमिनीवरून उठायला सांगावे. स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठला, तर कंबर व मांड्यांचे स्नायू दुबळे आहेत असे समजावे. ही गॉवर्स खूण ड्युशेन स्नायुक्षयात हमखास आढळते. रक्तातील सीके तपासावे. ते अनेक पटींनी वाढलेले असते. एसजीपीटीही वाढते, त्यामुळे कावीळ समजून उपचार होतात व मोलाचा काळ वाया जातो. खात्री जनुक तपासणीने होते. आजार पूर्ण बरा होत नाही. परंतु डॉक्टरी देखरेखीखालील स्टिरॉइडने चालणे अधिक वर्षे टिकते. हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे, जनुकातील बिघाड आहे. आईला दोष देऊ नका. मुलाला तपासणीस न्या.