हिमोफिलियाचं निदान झालं, पुढे काय?

मुलगा रांगू लागतो आणि गुडघ्यांवर निळे-काळे डाग उठू लागतात. कुठे आपटल्याचं आठवत नाही, तरी सांधा सुजतो, हाताला गरम लागतो. तपासणीत हिमोफिलिया निघतो आणि घरात पहिला प्रश्न येतो, ‘हे आलं कुणाकडून?’ बोट आईकडे जातं. हे थांबवा. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि बहुतेकदा आईला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो.

त्यापेक्षा आधी ‘हिमोफिलिया फेडरेशन इंडिया’च्या जवळच्या शाखेत जा. ही संस्था १९८३ पासून काम करते. मुंबई, पुणे, नागपूरला तिच्या शाखा आहेत. रक्त गोठवणारा फॅक्टर कोणत्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळतो, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, शाळेत बाईंना काय सांगायचं, हे तिथले अनुभवी पालक आम्हा डॉक्टरांपेक्षा नीट समजावतात.

घरी एक फाइल ठेवा. आजाराचा प्रकार, फॅक्टरची पातळी, इन्हिबिटरचा (फॅक्टरला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांचा) रिपोर्ट, रक्तगट आणि आजवर दिलेल्या डोसची नोंद त्यात हवी. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन. हे वाक्य फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा, कारण तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी हा आजार क्वचितच पाहिलेला असतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. लस मात्र चुकवू नका. बारीक सुई वापरायला सांगा आणि नंतर ती जागा काही मिनिटं दाबून धरा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलचा समावेश आहे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरलं, तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी ते लागतं. सरकारी नोकरीच्या आरक्षणात मात्र रक्ताच्या या आजारांचं नाव नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो दूर व्हायलाच हवा.

बहिणी, मावश्या आणि मावसबहिणींचीही चौकशी करा. सदोष जनुक असलेल्या, म्हणजे वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. काही वाहक स्त्रियांना स्वतःलाही पाळीत फार रक्तस्राव होतो. जनुकीय तपासणी मुंबईत परळच्या राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्थेत होते. वाहक स्त्रीच्या बाळंतपणाआधीच प्रसूतितज्ज्ञांना कल्पना द्या, म्हणजे चिमटा किंवा व्हॅक्यूम लावणं त्या टाळतील.